झाकण

जुन्या घरांतील वस्तूंचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपण कशा उघडतो हे त्या वस्तू कधी लपवीत नसत. लोखंडी पेटीला कडी असे आणि कडीला कोयंडा असे. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला असे आणि त्याच्या दोरीची गाठ सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. फडताळाच्या दाराला मूठ असे, पितळी डब्याच्या झाकणाला बोटभर कंगोरा असे. घरात नव्याने आलेली सून असो की पाहुणा म्हणून आलेला भाचा असो, कोणती वस्तू कोठे धरावी हे त्यांना विचारावे लागत नसे. कुलूप लावलेले असले तरी ते कुलूप आहे एवढे तर दिसतच असे.

अलीकडच्या वस्तू मात्र गुळगुळीत असतात. त्यांना कडी नसते, गाठ नसते, पुष्कळदा फटही दिसत नाही. वस्तू हातात घेऊन आपण तिला उलटसुलट करीत राहतो आणि ती आपल्याकडे निर्विकारपणे पाहत राहते. अशा एका वस्तूने काही दिवसांपूर्वी आमच्या घरात जो विचार करावयास लावला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत. वस्तू अगदी क्षुल्लक आहे. संगणकाचा बिनतारी माऊस आणि त्याच्या पोटाखालचे सेलचे झाकण.

आमच्या मातोश्रींचे वय आज एक्याऐंशी आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु पत्रलेखनाची हौस आयुष्यभर टिकली. माहेरी, दिरांकडे, नणंदांकडे त्यांनी लिहिलेल्या अंतर्देशीय पत्रांत घडीवर दुमडायची जागासुद्धा कोरी राहत नसे. आमची कन्या नोकरीनिमित्त कॅनडात गेली, तेव्हा तिला पत्र पोचावयास लागणारे दिवस मोजून मातोश्री खिन्न झाल्या. फोनवरची अक्षरे त्यांना बारीक पडतात आणि थरथरत्या बोटाखाली भलतेच अक्षर उमटते. शेवटी त्या संगणकावर बसू लागल्या. देवनागरीत टंकलेखन करावयास त्यांना सहा महिने लागले. पण त्या शिकल्या. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की त्या आपल्या नातीला पत्र लिहितात. उन्हाळी वेळापत्रकात आपले साडेचार वाजतात तेव्हा तिकडे टोरांटोला सकाळचे सात वाजलेले असतात. मुलगी उठते आणि आजीचे पत्र वाचून कामाला लागते. पत्रात विशेष काही नसते. भेंडीचा भाव असतो, शेजारच्या घरातले बारसे असते, गच्चीवर आलेल्या माकडांचा उपद्व्याप असतो. परंतु चार वर्षांत एक दिवस चुकलेला आम्हांस आठवत नाही.

पहिला माऊस वायरीचा होता. ती वायर मातोश्रींच्या लोकरीच्या गुंड्यात आणि जपमाळेत वारंवार अडके. म्हणून त्यांना घेऊन आम्ही जेल रोडवर गेलो. दुकानदाराने एक काळाभोर, चकचकीत माऊस त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "माँजी, इसमें तार का झंझट ही नहीं." मातोश्रींना तो फार आवडला.

येथे या प्राण्याच्या कुळाबद्दल दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. डग्लस एंगलबर्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून आणि त्याचा सहकारी बिल इंग्लिश याच्या हातून १९६४ साली पहिला माऊस तयार झाला. तो लाकडी होता. खाली एकमेकांस काटकोनात बसविलेली दोन चाके होती आणि वर एक बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबर्टने तो जाहीर सभेत वापरून दाखविला. त्याची वायर शेपटीसारखी दिसे म्हणून त्याला उंदराचे नाव पडले, असे सांगतात. पुढे शेपूट गेली, नाव मात्र राहिले. आपल्याकडेही कुलकर्ण्यांची वतने गेली आणि आडनावे राहिली, तसेच हे.

परंतु शेपूट काही फुकट जात नाही. त्या वायरीतून केवळ संदेश जात नव्हता, माऊसला लागणारी वीजही येत होती. वायर तोडली की वीज पोटात बाळगावी लागते. म्हणून सेल आला. सेल संपतो, म्हणून तो बदलण्यासाठी दार आले. दार उघडे राहून चालत नाही. म्हणून झाकण आले. वायरीच्या गुंत्यातून सुटण्याची जी किंमत आपण देतो, ती सगळी या दोन बोटे रुंदीच्या झाकणावर येऊन बसलेली असते.

यंदा आषाढ नुकताच लागला होता. उन्हाळ्याचे दोन महिने मातोश्री ग्वाल्हेरला आमच्या धाकट्या भगिनीकडे होत्या. परत आल्यावर त्यांचा नित्यक्रम आठवडाभर सुरळीत चालला. आणि एके रात्री कन्येचा फोन आला. "बाबा, आजी बरी आहे ना? आज पत्र नाही आलं."

आम्ही मातोश्रींच्या खोलीत गेलो. त्या अंथरुणावर बसून होत्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "माऊसचा लाल दिवा लागत नाही. सेल गेला असेल." नवा सेल टेबलावर काढून ठेवलेला होता. म्हणजे काय करायचे ते त्यांना ठाऊक होते, त्याप्रमाणे त्यांनी तयारीही केली होती; अडले होते ते झाकणापाशी. उजव्या अंगठ्याचे नख मुळापर्यंत तुटले होते आणि त्यावर हळद लावलेली होती. दुपारभर त्या एकट्या त्या झाकणाशी झुंजल्या होत्या.

"आई, मला फोन करायचा होतास," आम्ही म्हणालो.

"अरे, तू शाळेत. मुलांना सोडून तुला काय सांगू, झाकण उघडत नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, काहीशा खालच्या स्वरात, "आतापर्यंत बंटी बदलून द्यायचा. आता तो पुण्याला. दर खेपेला मी कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं?"

आमच्या मनाला लागले ते हे वाक्य. माऊस बंद पडला याचे काही नाही. पण अक्षरे शिकून, यंत्र शिकून, एक्याऐंशीव्या वर्षी जिने आपल्या नातीशी आपला स्वतंत्र रस्ता बांधला, तिला त्या रस्त्यावर प्लॅस्टिकच्या एका तुकड्याने अडविले होते. तेव्हा झाकण आम्ही उघडून देणे हे पुरेसे नव्हते. ते त्यांना उघडता यावयास हवे होते.

आधी मात्र ते उघडणे प्राप्त होते. आम्ही प्रयत्न केला. झाकण हलले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी प्रयत्न केला, हलले नाही. शेजारचा महाविद्यालयीन तरुण पेचकस घेऊन तत्परतेने हजर झाला आणि म्हणाला, "काका, एक झटका दिला की निघेल." त्याला आम्ही चहा देऊन बसविले. फटीत पोलादी टोक घालून झटका दिला म्हणजे तीनांपैकी एक गोष्ट घडते: झाकणाची जीभ तुटते, किंवा टोक निसटून दुसऱ्या हाताच्या तळव्यात शिरते, किंवा ते आतल्या सेललाच भोसकते. यांपैकी एकही गोष्ट आम्हांस नको होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, डब्याचं झाकण बसलं की आपण गरम पाणी सोडतो, तसं काही करता येईल का?" सूचना स्वयंपाकघरात अचूक आहे. धातूचे झाकण उष्णतेने प्रसरण पावते आणि पकड सैल होते. पण येथे आत विद्युत्-यंत्रणा होती आणि सेलला उष्णता देणे धोक्याचे असते. म्हणून तोही मार्ग बंद झाला.

मग आम्ही भिंग घेतले आणि जे आधी पाहावयाचे ते पाहिले. अशा झाकणांच्या मुख्यतः दोन जाती असतात. काही माऊसची संपूर्ण पाठच मागच्या खाचेतून वर उचलली जाते. काहींच्या पोटाखालचे झाकण एका दिशेला सरकते. आमचा माऊस दुसऱ्या जातीचा होता. काळ्या झाकणावर काळाच एक बाण कोरलेला होता. साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना तो तिरप्या उजेडातच दिसला. झाकणाच्या कडेला आतून प्लॅस्टिकची एक लवचीक जीभ असते आणि ती खाचेत अडकलेली असते. झाकण वर उपटावयाचे नसते. बाणाच्या मागे दाबून जीभ मोकळी करावयाची आणि मग ते बाणाच्या दिशेने सरकवावयाचे. नखाने फटीत कितीही जोर केला, तरी तो जोर जिभेला खाचेत अधिकच रुतवीत जातो. मातोश्रींचे नख तेथेच गेले होते.

परंतु दिशा कळूनही झाकण सरकेना. त्याला दोन कारणे होती. आतून काहीतरी झाकणाला बाहेर ढकलीत होते. आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून अंगठा नुसता घसरत होता. वयोमानाने बोटांची त्वचा कोरडी होते आणि कोरड्या त्वचेची पकड सुटते, हे मातोश्री सकाळी वर्तमानपत्राचे पान उलटताना बोट ओले करतात त्यावरून आम्हांस कळावयास हरकत नव्हती.

आणि उपाय त्यांनीच सुचविला. "मधाच्या बाटलीला मी काय करते? रबर गुंडाळते." भाजीच्या जुडीला येते तसले एक रुंद रबर त्यांच्या डब्यात होते. ते त्यांनी स्वतःच झाकणावर आडवे धरले. आम्ही माऊस दोनतीनदा तळहातावर हलकेच आपटला, म्हणजे आत काही चिकटले असेल तर सुटावे. मग मातोश्रींनी रबरावर अंगठा ठेवून आधी झाकण आत दाबले आणि नंतर, दाब न सोडता, पुढे ढकलले. पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस कट्‌ असा आवाज झाला आणि झाकण अर्धा बोट सरकले. शेजारच्या तरुणाने टाळी वाजविली.

आत जे दिसले त्याने अडथळ्याचा उलगडा झाला. सेलच्या ऋण टोकाला पांढऱ्या भुकटीचा थर फुलला होता आणि त्याने स्प्रिंग आणि झाकण दोन्ही धरून ठेवली होती. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी आम्हांस त्याचे मर्म समजावून दिले. कोरड्या सेलचा मूळपुरुष म्हणजे फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने १८६६ साली केलेला ओला सेल; पुढे १९५० च्या दशकात अल्कलाइन सेल निघाला. यात जस्त असते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा तीव्र क्षार असतो. सेल पूर्ण निचरल्यावर तसाच आत राहिला, तर त्यात हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो आणि तोंडाच्या सीलमधून क्षार पाझरतो. बाहेरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी तयार होते. ती बोटांना झोंबते आणि डोळ्यांत गेल्यास फारच घातक असते. म्हणून हातमोजे घालून, किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून, सेल काढावा. मग कान कोरावयाच्या कापसाच्या काडीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन स्प्रिंग आणि पत्रे पुसावेत. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर होते तशी किंचित फसफस होते. आम्लाने क्षार मारला जातो. नंतर ओलसर काडीने रस टिपून घ्यावा आणि सर्व कोरडे होईपर्यंत थांबावे. आम्ही रात्रभर थांबलो. सकाळी नवा सेल घातला आणि लाल दिवा लागला.

एवढ्यावर हा विषय संपावयास हरकत नव्हती. परंतु मातोश्रींचे ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. आम्ही विचार करू लागलो की, ही अवघड झाकणे अवघड का असतात?

काही झाकणे मुद्दाम अवघड केलेली असतात आणि ती तशीच असावयास हवीत. औषधाच्या बाटलीचे जे झाकण दाबून फिरवावे लागते, ते लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून तसे असते. अमेरिकेत १९७० साली त्यासाठी कायदाच झाला. गुंडीएवढे चपटे सेल मुलांनी गिळल्यास अन्ननलिका जळते. म्हणून तेथेच २०२२ साली दुसरा कायदा झाला, आणि त्यान्वये अशा सेलचे झाकण पेचकसावाचून, किंवा हाताच्या दोन वेगळ्या क्रिया एकाच वेळी केल्यावाचून उघडता कामा नये. अशा अडचणीपुढे आम्ही आनंदाने मान तुकवू.

परंतु या कथेला एक पुढचा अध्याय आहे आणि तोच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मुलांना रोखणारी झाकणे वृद्धांनाही रोखतात, आणि मग वृद्ध मंडळी ती झाकणे उघडीच ठेवतात, असे ध्यानात आले. तेव्हा १९९५ साली तेथील नियम बदलले. झाकणाची परीक्षा मुलांबरोबर ५० ते ७० वर्षांच्या माणसांकडूनही घ्यावी, मुलांना ते उघडता येऊ नये आणि या माणसांना मात्र उघडता यावे, असे ठरले. म्हणजे आमच्या वयाच्या मनुष्यास त्या परीक्षेत परीक्षक म्हणून बसता येते! आयुष्यभर परीक्षा घेतल्या. पण ही परीक्षा आम्हांस फार न्याय्य वाटली. कारण तिच्यात नापास होते ते झाकण. न उघडणारा मनुष्य नापास होत नाही.

माऊसमधला पेन्सिल सेल गुंडीसेलसारखा मुलाच्या घशात जाणारा नव्हे. तो पाच सेंटिमीटर लांब असतो. तेथे अवघडपणाने कोणाचेही रक्षण होत नाही. काळ्यावर काळा बाण कोरणाऱ्याने एक्याऐंशी वर्षांचा अंगठा डोळ्यांसमोर आणला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आणि असे झाकण उघडले नाही की मनुष्य वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतो. "आता आपल्याच्याने होत नाही" असे म्हणून तो मागे सरतो. आज सेल, उद्या पत्र, परवा आणखी काही. म्हातारपण असे एकेका झाकणाने माणसाला घरात कोंडीत जाते. आमच्या वर्गांत गणिताला घाबरून मागच्या बाकावर सरकत जाणारी मुले आम्ही तीस वर्षे पाहिली आहेत. त्या सरकण्यात आणि यात आम्हांस फार अंतर दिसत नाही.

म्हणून आमच्या घरी त्या आठवड्यात तीन लहान कामे झाली. ती खर्चाची नाहीत, म्हणून वाचकांस सांगतो. सौभाग्यवतींनी नखाच्या रंगाच्या बाटलीतून एक थेंब घेऊन झाकणावरचा काळा बाण पांढरा केला. औषधाच्या दुकानात मिळते त्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा आम्ही झाकणाच्या कडेला चिकटविला, म्हणजे अंगठ्याला खरखरीत जागा मिळावी. आणि सेलखाली साटीनच्या फितीचा तुकडा अंथरून त्याचे टोक सेलच्या वर वळवून ठेवले. ते टोक ओढले की सेल आपोआप वर येतो. पुष्कळ जुन्या रेडिओंत अशी फीत असे. एक काळजी मात्र घ्यावी: फीत सेलच्या दोन टोकांच्या आणि पत्र्यांच्या मध्ये येऊ नये, नाहीतर वीजच पोचणार नाही. ज्या माऊसला सेल नसून वायर लावून प्रभारित करावयाची बॅटरी आतच बसविलेली असते, तो मात्र घरी उघडू नये. तेथे झाकण नाही, ही सूचनाच समजावी.

फुटलेला सेल कागदात गुंडाळून मातोश्रींनी वेगळा ठेवला. आमच्या इंदूरला कचऱ्याची गाडी दारी येते आणि ओल्या-सुक्यापासून घातक कचऱ्यापर्यंत सहा प्रकार वेगळे घेते. हे शहर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आले ते काही उगीच नव्हे. सेलही त्या वेगळ्या कप्प्यात गेला. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी आपल्या देशात उत्पादकांवरही टाकली आहे. तेव्हा सेल केरात फेकणे योग्य नव्हे.

त्यानंतर मातोश्रींनी आमच्यासमोर ते झाकण पाच वेळा उघडले आणि पाच वेळा लावले. पाचव्या वेळी आमच्याकडे पाहिलेही नाही.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज दूरदेशी आहेत आणि पुष्कळांच्या घरी एक वृद्ध जीव त्यांच्याशी बोलण्यासाठी कोणत्या तरी यंत्रावर विसंबून आहे. टीव्हीचा रिमोट असेल, कानाचे यंत्र असेल, भिंतीवरचे घड्याळ असेल. येत्या रविवारी त्या वस्तूंची झाकणे एकदा त्यांच्याच हातांनी उघडवून पाहा. आपण शेजारी बसा, पण हात लावू नका. जेथे अंगठा घसरेल तेथे चिकटपट्टी लावा, जेथे बाण दिसणार नाही तेथे रंगाचा थेंब टाका, आणि नव्या सेलची जोडी त्यांना विचारून, त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. सेल कधी संपेल ते आपल्या हाती नाही. परंतु तो संपेल त्या दुपारी घरात कोणी नसले, तरी पत्र जाईल, एवढे करणे आपल्या हाती आहे.